होफच्या पुढचा नाका

मास्तरांची जगातली सगळ्यांत आवडती जागा म्हणजे कुठल्याही सरहद्दीच्या पाच किलोमीटर अलीकडची. सरहद्द स्वित्झर्लंडची असो की ऑस्ट्रियाची, ते तिथे गाडी बाजूला घ्यायचे, उतरायचे, कोट चढवायचे आणि आरशात वाकून टाय बांधायचे. मग रुमालाने गाडीचे दिवे पुसायचे, पुढचे दोन आणि मागचे दोन. त्यानंतर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून, न उघडता, त्यांना रबर लावून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे. दुसऱ्याचा पासपोर्ट उघडणं आणि दुसऱ्याचं पत्र वाचणं त्यांच्या लेखी एकच होतं. "आल्झो, विचारतील तेवढंच सांगायचं," असं बजावून झालं की गाडी सुरू; आल्झो म्हणजे जर्मनमधलं ‘तर मग’. तिथून नाक्यापर्यंत कुणी हसलेलं त्यांना खपायचं नाही. हसणाऱ्या माणसाचा अधिकाऱ्यांना हमखास संशय येतो, असं त्यांचं मत होतं आणि ते आमच्यापैकी कुणालाही खोडून काढता आलं नाही.

मास्तर हे नाव त्यांना स्टुटगार्टच्या मराठी मंडळींनी दिलेलं. जर्मनीला येण्याआधी त्यांनी साताऱ्याकडच्या एका शाळेत दोन वर्षं गणित शिकवलं होतं. नोकरी नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात, तीही ब्रेक तपासण्याच्या विभागात. दुसऱ्या कुठल्या विभागात हा माणूस शोभलाच नसता, असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं एकदा माझ्या नवऱ्याने विचारलं, तर म्हणाले, "इथे त्यालासुद्धा आमटमध्ये जावं लागतं."

आमट म्हणजे सरकारी कचेरी. हा शब्द ते जरा आवाज खाली आणूनच उच्चारायचे. कुठल्या कामासाठी नगरपालिकेत जायचं असलं की आदल्या दिवशी एक फेरी मारून यायचे. दार कुठलं, खिडकी कुठली, आत बसलेला माणूस चिडका दिसतो की बरा, हे सगळं बघून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी खरे जायचे. त्यांच्या घरमालकिणीने सांगितलेली गोष्ट तर आमच्याकडे कितीतरी दिवस पुरली. एकदा आमटचं पिवळं पाकीट आलं. मास्तरांनी ते तीन दिवस कपाटावर ठेवलं. जेवताना खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसायचे म्हणे. चौथ्या दिवशी बाईंनी स्वतःच फोडलं, तर आत निरोप होता की रस्ता खणायचा असल्यामुळे शनिवारी दुपारी पाणी बंद राहील.

पण यंत्राला हा माणूस भीत नसे. कारखान्याच्या चाचणीच्या रस्त्यावर भरधाव गाडीचे ब्रेक निकामी होऊन गाडी वाळूत घुसली, तेव्हा मास्तर आत बसलेले होते. उतरले, कपडे झटकले, वहीत काहीतरी लिहिलं आणि जेवायला गेले. मी त्यांना याबद्दल छेडलं होतं. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, यंत्राला आपण काही केलं नसेल तर ते आपल्याला काही करत नाही, साहेबाचं तसं नसतं.

इन्सब्रुकच्या पुढे तो उंच पूल नवा नवा झाला होता तेव्हा आम्ही चौघं त्यांच्या गाडीतून इटलीला गेलो होतो. पुलाचा टोल भरायचा होता. एवढंसं काम. मास्तरांनी नोटा हातात धरल्या त्या इन्सब्रुकच्याही आधीपासून, एका हाताने गाडी चालवत. खिडकीशी पोहोचेपर्यंत त्यांचा घामाने लगदा व्हायचा बाकी होता. पैसे दिले, पावती मिळाली, तीनदा डांके, म्हणजे आभार, म्हणून झालं, तरी गाडी हलेना. पावतीवरची वेळ आपल्या घड्याळाशी जुळवून बघत होते. दोन मिनिटांचा फरक होता. मागे भोंगे वाजायला लागले, खिडकीतला माणूस हाताने जा जा म्हणत होता, आणि मास्तर त्याला अदबीने विचारत होते की ही वेळ दुरुस्त करून मिळेल का. मी मागच्या सीटवर तोंडात पदर कोंबून हसत होते. माझ्या नवऱ्याने मला कोपर मारलं, पण त्यालाही हसू आवरत नव्हतं.

आता त्या हसण्याची मला लाज वाटते. का, ते सांगायचं तर होफच्या पुढच्या नाक्याबद्दल सांगायला हवं. मास्तरांची आणि माझी ओळख झाली ती त्याच प्रवासात.

बर्लिनची भिंत उभी राहून दोन हिवाळे झाले होते. माझा नवरा पश्चिम बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात तो जर्मनीला निघून गेला आणि मी वर्षभर सांगलीला सासरी राहिले. मग बोटीने जिनोआ, तिथून रेल्वेने स्टुटगार्ट. बर्लिनच्या त्याच्या खोलीत बायको ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून दुसरी जागा मिळेपर्यंत मी स्टुटगार्टला त्याच्या एका मित्राच्या घरी राहायचं ठरलं. तो मला उतरवून घ्यायला आला, दोन दिवस राहिला आणि परत गेला. म्हणजे आमचा तोवरचा सगळा संसार मिळून तीन आठवडे आणि दोन दिवस. त्यानंतर नवव्या दिवशी तार आली. अपेंडिक्स पोटात फुटलं, ऑपरेशन झालं, ताप उतरत नाही, पत्नीला ताबडतोब पाठवा.

विमानाचं भाडं देण्याइतके पैसे त्या घरात कुणाकडे नव्हते. रेल्वेने एकटी जायचं तर मला जर्मनचे चार शब्द येत नव्हते. बर्लिनचा पश्चिम भाग म्हणजे पूर्व जर्मनीच्या पोटात अडकलेलं बेट. रेल्वे असो की मोटार, मधला सगळा मुलूख त्यांचा. त्याला सगळे नुसतं झोन म्हणायचे. झोनमधून जायला नाक्यावर परवाना घ्यायचा, त्यांचा रस्ता वापरल्याबद्दल कर भरायचा, पावतीवर वेळ घालून मिळायची आणि तिथून थेट बर्लिन. रस्ता सोडून वळायचं नाही. उशीर झाला तर कुठे होतात म्हणून जाब द्यायचा. कुणाकुणाला उतरवून घेतलं आणि पुढे त्यांचं काय झालं, याच्या गोष्टी तेव्हा घरोघरी ऐकायला मिळत. मित्राची स्वतःची तोंडी परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती. आमच्या लोकांत गाडी एकाकडेच होती.

मास्तरांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी तार वाचली आणि खुर्चीत बसले. पाणी मागितलं. पाणी पिताना पेल्याचा काठ त्यांच्या दातांवर वाजला तो मी ऐकला, आणि मला रागच आला. मनात म्हटलं, माझा नवरा तिकडे तापाने फणफणलाय आणि पाणी ह्यांना लागतंय. पण दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "आल्झो, पहाटे निघू या, वहिनी."

त्या सबंध वाटेवर ते मला वहिनीच म्हणत राहिले. न्यूर्नबर्गपर्यंत एवढंच बोलले की पाय अवघडले तर सांगा, वहिनी, आणि खिडकीतून वारा लागतोय का, वहिनी. तेव्हा आपल्याकडे ह्याच्यापलीकडे बोलायची पद्धतच नव्हती. मित्राची बायको ती वहिनी, तिला दुसरं नाव असेल हा विचार कोण करतो. मी मागे बसले होते, मांडीवर पर्स धरून. एकच हिशोब डोक्यात चालला होता, की संध्याकाळी सातपर्यंत पोहोचलो तर आजच भेट होईल.

होफच्या पुढे सरहद्दीजवळचा पूल महायुद्धात उडवलेला होता आणि अजून कुणी बांधला नव्हता. त्यामुळे मोठा रस्ता मध्येच संपायचा आणि गावातल्या अरुंद वाटेने नाक्याला जावं लागायचं. दोन्ही बाजूंना काढणी झालेली बटाट्याची शेतं, धुकं, आणि माणूस एकही नाही. तिथे मास्तर थांबले. कोट, टाय, दिवे पुसणं, सगळं मी पहिल्यांदा बघितलं. टायची गाठ त्यांना तिसऱ्या प्रयत्नात जमली. आपल्या पासपोर्टात तेव्हा ज्या देशांना जायला मुभा आहे त्यांची नावं हाताने लिहिलेली असायची. झोन त्या यादीत नव्हता. मास्तरांना वाटत होतं की अडलंच तर तिथे अडेल. अडलं ते भलतीकडेच.

नाका म्हणजे लाकडी बराकी, आडवे दांडे आणि बंदुका घेतलेली कोवळी पोरं. आम्हाला आत नेलं, पासपोर्ट एका फटीतून पलीकडे गेले आणि हातात एकेक फॉर्म आला. उभ्याने भरायचा होता. मास्तर शेजारून कुजबुजत सांगत होते, ह्या रकान्यात नाव, ह्यात जन्मतारीख. समोर गणवेशातला एक जण आमच्या हातांकडे बघत उभा. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात पडल्यावर व्हायचं तसं झालं, आणि हाताने जे सतरा वर्षं लिहिलं होतं तेच लिहिलं. माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव.

पासपोर्ट सासरच्या नावाचा होता. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नाव लिहितात, तसं माझंही लिहिलं होतं. त्या क्षणापासून माझं नाव बदललं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं आणि आडनावही गेलं. पासपोर्टातल्या तीन शब्दांपैकी एकही फॉर्मवर नव्हता. जुळत होती ती फक्त जन्मतारीख.

खिडकीतल्या मुलाने दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि तो उठून आत गेला. चष्मेवाला, वयाने मोठा असा एक अधिकारी बाहेर आला. मला पर्स रिकामी करायला लावली. कुंकवाची डबी, तार, नवऱ्याचा फोटो आणि माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र. ते मी पुढेमागे नोकरीला उपयोगी पडेल म्हणून सतत जवळ ठेवत होते. त्याच्यावर जुनं नाव, विद्यापीठाच्या शिक्क्यासकट. म्हणजे चुकून लिहिलं असंही म्हणायची सोय राहिली नाही. एका बाईची दोन नावं आणि दोन्हींना सरकारी कागद. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा ओठांपर्यंत पांढरा पडला होता.

चष्मेवाल्याने त्यांना काहीतरी विचारलं. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा मास्तर माझ्याकडे वळले आणि त्या खोलीभर ऐकू जाईल अशा चिरक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव काय?"

मी तोंड उघडणार तोच तो अधिकारी ओरडला. काय ओरडला ते कळायला भाषा येण्याची गरज नव्हती. सात तास एका गाडीत बसून आलेल्या बाईचं नाव ह्या माणसाला ठाऊक नाही, आणि ह्या बाईला नावं दोन. त्याच्या जागी मी असते तर मीही दांडा खाली पाडला असता.

आम्हाला वेगळं केलं. मला एका लहान खोलीत एका पोलीस बाईसमोर बसवलं. तिने माझं मंगळसूत्र हातात घेऊन वाट्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या, केसांचा अंबाडा सोडायला लावला, चपलांचे तळवे वाकवून पाहिले. दांडगाई केली नाही, पण एकदाही माझ्याकडे बघून बोलली नाही. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले, मग एक वाजला. मला रडूसुद्धा येत नव्हतं. आई आठवत नव्हती, देव आठवत नव्हता. तारेतले शब्द तेवढे पुन्हा पुन्हा डोक्यात येत होते. ताप उतरत नाही.

खिडकीतून गाड्यांची रांग दिसत होती. दीडच्या सुमाराला मास्तर बाहेर आलेले मला दिसले. हातात त्यांचा पासपोर्ट आणि एक कागद. शिपायाने गाडीकडे बोट दाखवलं, मग पश्चिमेच्या दिशेने, जिकडून आलो तिकडे. त्यांना सोडलं होतं. मला नव्हतं सोडलं. मास्तर गाडीत बसले. पाठीत इंजिन असलेली ती राखाडी लहान गाडी सुरू झाल्याचा फटफट आवाज आला आणि गाडी रांगेतून बाहेर निघाली.

खरं लिहायचं तर त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही. मला वाटलं, जाणारच. पाण्याच्या पेल्याला दात वाजवणारा माणूस, तो आणखी काय करणार. मी डोळे मिटून घेतले. या देशात मला नावाने ओळखणारा एकच माणूस होता आणि तो तीनशे किलोमीटरवर रुग्णालयात पडला होता.

गाडीचा आवाज थांबला. डोळे उघडले तर त्यांनी ती बाजूच्या गवतावर नीट उभी केली होती, आणि हॅट हातात धरून ते परत बराकीकडे येत होते. मधलं दार उघडं होतं म्हणून मला पुढचं सगळं दिसलं. टेबलासमोर ते हात मांड्यांना लावून ताठ उभे राहिले. पॅंटचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली लटलट हलत होता. आणि विचारतील तेवढंच सांगणारा हा माणूस, कुणी काही विचारलेलं नसताना बोलायला लागला. पुष्कळ बोलला. माझ्याकडे हात केला, तांदळाच्या ताटाएवढं वर्तुळ हवेत काढलं, बोटाने त्यात काहीतरी लिहून दाखवलं. पोलीस बाई दारापर्यंत जाऊन ऐकत उभी राहिली. चष्मेवाल्याने मान हलवली. मास्तर पुन्हा बोलले. ह्या वेळी हळू. अधिकाऱ्याने वर बघितलं, घड्याळाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं, मास्तर मान डोलावून हो म्हणाले. मग एक कागद पुढे आला, त्याच्यावर त्यांनी सही केली, आणि थोड्या वेळाने माझ्या पासपोर्टावर शिक्का पडल्याचा आवाज आला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय झालं.

"काही नाही, वहिनी. रस्त्याचा कर जरा जास्त पडला. दुसरी पावती करावी लागली."

मी विश्वास ठेवला. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. वेगाचा काटा एका जागी धरून, उजव्या बाजूने, ते बर्लिनपर्यंत गाडी चालवत राहिले.

रुग्णालयात पोहोचलो तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती. ताप सकाळी उतरला होता. माझा नवरा उशीला टेकून बसला होता. मला बघून तो म्हणाला, इतकी बारीक कशी झालीस, आणि मी सगळ्या वॉर्डसमोर रडले. मास्तर दाराबाहेरच उभे होते. आत या म्हटलं तर आले, चादरीच्या टोकाला हात लावला, बरं वाटतंय ना विचारलं आणि पुन्हा बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या मित्रांनी त्यांना आग्रह केला. तुम्ही दमलाय, वर्गणी काढून तिकीट देतो, विमानाने जा, गाडी कुणीतरी मागाहून आणेल. मास्तर नको म्हणाले. मग दुसऱ्याने सुचवलं की हेल्मश्टेटच्या नाक्यावरून जा, तो मोठा आहे, तिथे वेळ लागत नाही. तेही नको. होफनेच जातो, ओळखीचा रस्ता आहे, म्हणाले. फार घाईत होते. दुपारच्या आत तिथे पोहोचायला हवं असं पुटपुटले आणि चहा अर्धा टाकून निघाले. आठवड्याने कार्ड आलं. सुखरूप पोहोचलो, वाटेत थोडी गर्दी होती, यजमानांना जपावे.

मी बर्लिनमध्येच भाड्याच्या खोलीत राहिले. सहा महिन्यांनी नवऱ्याला स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात नोकरी लागली आणि आम्ही एका मित्राच्या गाडीतून त्याच वाटेने स्टुटगार्टला आलो. आदल्या रात्रभर मी माझं सासरचं नाव कागदावर गिरवत होते. नाक्यावर पासपोर्ट आत गेला, कुणीतरी एका वहीत बघितलं, शिक्का मारला, परत दिला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. स्टुटगार्टला आल्यावर मी मास्तरांना म्हटलं, बघा, काही होत नाही, तुम्हीच उगाच घाबरवून सोडता सगळ्यांना. ते हसून म्हणाले, गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर.

पुढची पाच-सहा वर्षं मास्तर आमच्या घरचेच होते. दिवाळीला, गणपतीला, कुणाच्या बारशाला, ते यायचे आणि जेवणं झाल्यावर त्यांच्या भीतीच्या गोष्टी निघायच्या. पिवळं पाकीट, पुलाची पावती. माझी हुकमी गोष्ट होती ती बर्लिनची. मी उभी राहून, हातवारे करून सांगायचे की लोक फुकट विमानात बसवत होते तर ह्यांना विमानाचीच भीती, म्हणून परत झोनमधून गेले. सगळे पोट धरून हसायचे. मास्तर ताटातला शेवटचा घास बोटाने गोळा करत बसायचे. आमच्या मुलीला मराठी समजायचं पण ती उत्तर द्यायची जर्मनमध्ये. तिने एकदा त्यांना विचारलं, काका, तुम्ही नेहमीच घाबरता का. ते म्हणाले, हो, नेहमी.

आपले वडील गेल्यावर मास्तरांनी कायमचं भारतात परतायचं ठरवलं. त्यांचं सामान बांधायला मी नेकारसुल्मला गेले. ते वर खोलीत खोकी भरत होते. खाली घरमालकिणीने मला कॉफी दिली. म्हातारीला त्यांच्या जाण्याचं दुःख झालं होतं आणि ती जुन्या गोष्टी काढत होती. तोवर मला जर्मन चांगलं येऊ लागलं होतं. बोलता बोलता ती म्हणाली, तसा एकदा मला त्याने फार घोर लावला होता. बर्लिनला कुणाला तरी सोडायला गेला आणि चार दिवस पत्ता नाही. कारखान्यातून माणूस आला, मी पोलिसांत गेले. पाचव्या दिवशी दारात उभा, दाढी वाढलेली, टाय तसाच.

मी विचारलं, चार दिवस कुठे होते?

नाक्यावर, ती म्हणाली. तिथे एका भारतीय बाईला अडवलं होतं. हिला नवऱ्याकडे पोहोचवून येतो, उद्या दुपारच्या आत ह्याच नाक्यावर हजर होतो, मग तिच्याबद्दल जे विचारायचं ते मला विचारा, असं ह्याने लिहून दिलं होतं. तसा तो गेला. त्यांनी ठेवून घेतला. चार दिवस तेच तेच विचारत होते, ती बाई कोण, दोन नावं कशाला. सोडताना रस्त्याचा कर पुन्हा घेतला, जुन्या पावतीची मुदत संपली म्हणून. मला म्हणाला होता, कुणाला सांगू नका, त्या घरच्यांना वाईट वाटेल. ती बाई तुझ्या ओळखीची असेल का ग?

कॉफी तशीच सोडून मी जिना चढून वर गेले. मास्तर जमिनीवर बसून पुस्तकांच्या खोक्याला सुतळी गुंडाळत होते. दोन दिवसांनी बोट होती आणि पुढे मुंबईचं कस्टम. त्यांच्या बोटांना आत्तापासूनच कंप सुटला होता, गाठ बसत नव्हती. मी दारातच विचारलं, मास्तर, तुम्ही त्या नाक्यावर परत का गेलात? विमानाने का नाही गेलात?

त्यांनी मान वर केली नाही. खाली म्हातारीने काय सांगितलं असेल ते त्यांच्या लगेच लक्षात आलं असणार.

"मी नसतो गेलो तर त्यांच्या वहीत तुमचं नाव राहिलं असतं, वहिनी," ते म्हणाले. "तुम्हा दोघांना पुढे त्याच रस्त्याने यायचं होतं ना."

मग म्हणाले, ह्या गाठीवर बोट धरता का. मी खाली बसले आणि सुतळीच्या पिळावर बोट ठेवलं. मला काहीतरी म्हणायचं होतं, क्षमा मागायची होती, पाच-सहा वर्षांचं सगळं हसणं परत घ्यायचं होतं, पण रडण्यापलीकडे मला काही जमलं नाही. मास्तरांनी गाठ मारली. ती सुटली. त्यांनी पुन्हा मारली. मी बोट हलवलं नाही.